होडीतले शोभेचे दिवे एलईडी केल्यावर पुन्हापुन्हा का जातात, का लुकलुकतात

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. काठाखालचे, पायऱ्यांवरचे, केबिनमधले जुने पिवळे बल्ब काढून एलईडी बसवले. पंधरा-वीस दिवस छान चालले. मग एक लुकलुकायला लागला, एक मंद झाला आणि एक गेलाच. नवे आणून लावले, तरी महिन्या-दोन महिन्यांत परत तेच. बल्ब कधीकधी खरोखरच हलका निघतो. पण एकाच होडीत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हेच होत असेल तर आणखी बल्ब विकत घेण्याआधी होडीची वायरिंग आणि चार्जिंग तपासायला घ्या.

कारण साधं आहे. फिलामेंटचा बल्ब फार सोशिक असतो. त्याला ११ व्होल्ट मिळाले की तो जरा पिवळा जळतो आणि १४.५ मिळाले की जरा पांढरा. उलट जोडला तरी पेटतो, एसीवर पेटतो, आणि इंजिन चालू होताना आलेला क्षणभराचा झटका त्याला जाणवतही नाही. म्हणून जुन्या होड्यांत सडलेले जॉइंट, ढिले होल्डर, बिघडलेले अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाहीत. एलईडीच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि त्याला यातलं फारसं काही सहन होत नाही. मालवण-तारकर्लीच्या पर्यटन होड्या असोत, मांडवीत संध्याकाळी फिरणाऱ्या क्रूझ असोत की ट्रॉलरची केबिन, १२ आणि २४ व्होल्टच्या सगळ्या वायरिंगला पुढचं लागू पडतं.

आधी जुना बल्ब नीट ओळखा

जुना बल्ब फेकू नका, तो घेऊनच दुकानात जा. शोभेच्या दिव्यांत साधारण चार प्रकार सापडतात. पहिला, दोन्ही टोकांना टोकदार टोप्या असलेला नळीसारखा फेस्टून बल्ब. याची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजा: ३१, ३६, ३९ किंवा ४२ मिलिमीटर. ३९ च्या जागी ३६ चा बल्ब पट्ट्या दाबून बसवता येतो, पण इंजिनच्या थरथरीने तो सुटणार हे नक्की. दुसरा, १५ मिलिमीटर व्यासाचा पिनवाला बल्ब. त्याच्या तळाला एक ठिपका असेल तर तो बीए१५एस, दोन ठिपके असतील तर बीए१५डी. दोन पिना वरखाली असतील तर तो बीएवाय१५डी. तो वेगळा असतो आणि या दोघांच्या होल्डरमध्ये बसत नाही. तिसरा, दोन बारीक काड्यांचा जी४ हॅलोजन, आणि चौथा, काचेचाच बुंधा असलेला टी१० वेज.

एलईडीची पाटी जुन्या काचेपेक्षा रुंद असू शकते. झाकण दाबून लावलं तर ते महिन्याभरात तडकतं आणि खारं पाणी आत जातं. झाकण बोटाच्या जोरावर, स्क्रू न आवळता पूर्ण बसलं पाहिजे.

एलईडी उलटा बसला तर पेटत नाही, पण बहुतेक वेळा खराबही होत नाही. फेस्टून असेल तर टोकं अदलाबदल करा, बीए१५डी असेल तर काढून अर्धा फेरा फिरवून परत घाला. बीए१५एसमध्ये ही सोय नाही, कारण त्याचं धातूचं कवच म्हणजेच निगेटिव्ह. जुन्या वायरिंगमध्ये तारा उलट असतील तर होल्डरच्या तारा बदलाव्या लागतात. होडी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची असेल तर असा होल्डर होडीच्या धातूच्या अंगाला, म्हणजे ‘हल’ला, लागू देऊ नका. निगेटिव्ह हलमधून वाहायला लागला की पाण्याखालचा धातू झिजायला लागतो, आणि हे नुकसान दिव्यांच्या खर्चाच्या कितीतरी पट असतं.

पहिली मोजणी: बॅटरीवर

मल्टिमीटर घ्या आणि तीन आकडे लिहून ठेवा. इंजिन बंद, चार्जर बंद, बॅटरी दोन तास विसावलेली: पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. इंजिन मध्यम वेगात असताना १४.० ते १४.५ मिळायला हवेत. इंजिन पूर्ण वेगात असतानाही १४.८ च्या वर जाता कामा नये. २४ व्होल्टच्या होडीत हे सगळे आकडे दुप्पट समजा. पूर्ण वेगात आकडा १५.५-१६ च्या पुढे पळत असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) गेलेला आहे. तो बदलेपर्यंत कुठलाही एलईडी टिकणार नाही, आणि बॅटरीचं पाणीही उडत राहील.

मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्याच टोकांवर लावा, इंजिन चालू ठेवून. आकडा ०.५ व्होल्टच्या वर असेल तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलाय असं समजावं. हे करण्याआधी इंजिन बंद असताना तोच आकडा एकदा पाहा. स्वस्त मीटर एसीवर ठेवला की नुसत्या डीसी बॅटरीवरही वीस-पंचवीस व्होल्ट दाखवतो. तसं झालं तर या चाचणीसाठी दुसरा मीटर आणा.

बल्ब घेताना वेष्टनावरचा व्होल्टेजचा पल्ला वाचा. १२ व्होल्टच्या होडीला ‘१० ते ३० व्होल्ट डीसी’ लिहिलेला बल्ब घ्यावा; नुसता ‘१२ व्होल्ट’ लिहिलेला गाडीचा बल्ब घेऊ नये. २४ व्होल्टच्या होडीत मात्र हाच ‘१० ते ३०’ चा बल्ब गोत्यात आणतो. चार्जिंगला तिथे रोजच २८.८ व्होल्ट येतात, म्हणजे वर जेमतेम सव्वा व्होल्टची जागा उरते. तिथे वरची मर्यादा ३६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त असलेलाच बल्ब लागतो. ट्रॉलरवर ‘दर महिन्याला जातात’ ही तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे बघा.

बॅटरी नसलेली आउटबोर्ड होडी

इथे दिवे जाण्याचं कारण वेगळं आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. लहान आउटबोर्डवर (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनवर) लाइटिंग कॉइल, म्हणजे दिव्यांसाठी वीज बनवणारं वेटोळं, असते. ती थेट एसी देते आणि इंजिनच्या वेगाबरोबर तिचं व्होल्टेज चढतं. जुन्या रचनेत हे व्होल्टेज आवाक्यात ठेवायचं काम बल्बच करत असत. ६० वॉटच्या कॉइलवर १० वॉटचे सहा बल्ब लावले की भार जुळायचा. त्याजागी दीड-दीड वॉटचे सहा एलईडी लावले की भार ६० वरून ९ वॉटवर येतो, कॉइल मोकळी सुटते, आणि पूर्ण वेगात होल्डरवर १२ ऐवजी २५-३० किंवा त्याहून जास्त व्होल्ट येऊ शकतात. एलईडी तर जातातच; सोबत एखादा जुना बल्ब ठेवला असेल तर तोही भडकन उडतो. कमी वेगात हेच दिवे लुकलुकतात, कारण एसीची वारंवारता तेव्हा कमी असते.

इथे बल्बचा दर्जा कितीही वाढवला तरी उपयोग नाही. त्या मॉडेलसाठीचा, एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर बसवा, त्याच्यापुढे छोटी बॅटरी ठेवा आणि दिवे बॅटरीवरून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) काढू नका. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटर असो वा रेग्युलेटर, त्याचा सगळा जोर उरलेल्या वायरिंगवर येतो. लग ढिला असून लाटेवर हलत असेल तर हेच दिवसभर थोडंथोडं चालू असतं.

सोलर पॅनेल कंट्रोलरशिवाय थेट बॅटरीला जोडलेलं असेल तर तोही धोकाच. ३६ सेलचं पॅनेल बॅटरी सुटल्यावर २१-२२ व्होल्ट देतं.

झटक्यांसाठी दिव्यांच्या सर्किटला एक टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेजचा झटका स्वतःत जिरवणारा भाग) लावावा. १२ व्होल्टला १.५केई२०ए आणि २४ व्होल्टला १.५केई३६ए. फ्यूजनंतर, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मध्ये, पट्टा असलेली बाजू पॉझिटिव्हकडे. उलटा लावला तर फ्यूज लगेच उडतो. स्टार्टर, बिल्ज पंप (होडीच्या तळातलं, बिल्जमधलं पाणी उपसणारा), विंच यांचे छोटे झटके तो खातो. चालत्या इंजिनवर बॅटरी काढल्याचा झटका त्याच्या कुवतीबाहेरचा आहे.

लुकलुकणं: जॉइंट आणि होल्डर

दिवा लावून झाकणावर बोटाने टिचकी मारा. लुकलुकला की दोष तिथेच आहे. होल्डर उघडल्यावर तळाच्या स्प्रिंगच्या टोपीवर हिरवट पूड आणि बल्बच्या डाखाच्या ठिपक्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसेल. तो काळा डाग म्हणजे ठिणगीची जागा. १० वॉटचा बल्ब जवळपास ०.८ अँपिअर ओढायचा. एवढ्या प्रवाहात संपर्कावरचा गंजाचा पातळ थर फुटायचा आणि काम चालून जायचं. एलईडी ०.१ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्यात तो थर फुटत नाही. जुना बल्ब चाललेल्या होल्डरमध्ये नवा लुकलुकतो तो यामुळे.

त्यामुळेच एलईडी लावून व्होल्टेज मोजलं तर वाईट जॉइंट सापडत नाही. इतक्या कमी प्रवाहात व्होल्टेज पडतच नाही. चाचणीसाठी गाडीच्या ब्रेकलाइटचा २१ वॉटचा फिलामेंट बल्ब दोन तारा लावून तयार ठेवा. तो होल्डरच्या टोकांवर जोडा आणि त्याच वेळी बॅटरीवर आणि होल्डरवर मोजा. १० मीटर लांबीच्या, १.५ चौरस मिलिमीटरच्या निरोगी तारेत जाऊन-येऊन ०.४ ते ०.५ व्होल्ट पडतात. एक व्होल्टच्या वर पडत असेल तर मध्ये कुठेतरी सडलेला जॉइंट आहे. मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवून दुसरी फ्यूज, स्विच, जंक्शन असं पुढे सरकवत न्या. जिथे आकडा एकदम उडी घेईल तिथे दोष. पॉझिटिव्ह बाजू चोख निघाली तर तेच निगेटिव्हवर करा. निगेटिव्हची सामाईक पट्टी बहुधा बिल्जजवळ असते आणि लोक ती उघडून बघतच नाहीत.

होल्डर साफ करताना आधी मेन स्विच बंद. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने संपर्क घासा. हिरवा गंज हट्टी असेल तर लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा बोळा दोन मिनिटं धरा, मग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. आम्ल आत राहिलं तर आधीपेक्षा लवकर गंज चढतो. फेस्टूनच्या पट्ट्या उष्णतेने मऊ पडलेल्या असतात. त्या आत वाकवून बल्ब घट्ट धरतोय ना ते पाहा. वाकवल्यावरही परत पसरत असतील तर होल्डर बदला, बल्बला चांदीचा कागद गुंडाळून दिवस ढकलू नका. शेवटी संपर्कांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस किंवा व्हॅसलीनचा अगदी पातळ हात.

नव्या तारा घेताना कथिलाचा मुलामा दिलेल्या घ्या. घरगुती वायरिंगची लाल तांब्याची तार खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आत हातभर काळी पडते, आणि काळ्या तारेवर डाख बसत नाही. जॉइंट क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) वर गोंदवाली, उष्णतेने आवळणारी श्रिंक नळी. नुसती चिकटपट्टी नको, एक पावसाळासुद्धा टिकत नाही.

झाकणाच्या आत धुकं

ही अडचण एलईडीसोबतच आली. १० वॉटचा फिलामेंट बल्ब तापून दिव्याचं घर रोज कोरडं करायचा. एलईडी तेवढा तापत नाही, म्हणून आत शिरलेला दमटपणा आतच राहतो आणि होल्डर व ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट) दोघांना खातो. बल्ब बदलताना प्रत्येक दिव्याचं रबरी गॅस्केटही बदला. तार घरात शिरते तिथे तिला खालून वर येणारा वळसा द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी आत जाणार नाही. भोक बुजवायला सिलिकॉन वापरणार असाल तर न्यूट्रल प्रकारचाच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारा स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतो आणि आतलं तांबं हिरवं करतो. दिव्याच्या घराला खालच्या बाजूला पाणी निथळायचं बारीक भोक दिलेलं असेल तर ते मात्र बुजवू नका.

बंद केल्यावरही मंद उजेड

स्विचमध्ये स्वतःचा छोटा दिवा असेल तर काही स्विचांत त्याचा प्रवाह तुमच्या बल्बमधून जातो. फिलामेंटला तो कळत नाही, एलईडी तेवढ्यात मिणमिणतो. खात्रीसाठी त्याच सर्किटच्या एका होल्डरमध्ये जुना फिलामेंट बल्ब लावा. बाकीचे पूर्ण विझले की कारण हेच, किंवा ओलसर जंक्शन बॉक्समधली गळती. बॉक्स उघडून कोरडा करा. तरी उजेड राहिला तर सर्किटच्या टोकाला, दिव्यांना समांतर, १२ व्होल्टसाठी ४७० ओहम १ वॉटचा रेझिस्टर लावा. २४ व्होल्टसाठी १ किलोओहम २ वॉट.

जुना फिरता डिमर एलईडीला चालत नाही. काढून टाका, किंवा एलईडीसाठीचा पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) डिमर आणि डिमेबल बल्ब दोन्ही एकत्र घ्या.

व्हीएचएफवर खरखर

होडीच्या व्हीएचएफ रेडिओवर येणारी खरखर ही दिव्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे. १० ते ३० व्होल्टवर चालणाऱ्या बल्बात स्विचिंग ड्रायव्हर असतो. तो नीट बनवलेला नसेल तर रेडिओच्या पट्ट्यात गोंगाट फेकतो. संकटाचा चॅनेल १६ आहे १५६.८ मेगाहर्ट्झवर आणि एआयएस (जहाजांची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) १६२ च्या आसपास. दोन्ही या गोंगाटाखाली येऊ शकतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल सुरक्षा सूचनाच काढली होती. घात असा की खरखर नेहमी ऐकू येतेच असं नाही. स्क्वेल्च (बारीक आवाज दाबून टाकणारं रेडिओचं बटण) वर ठेवलेला असेल तर रेडिओ गप्प राहतो आणि लांबची हाकही पोचत नाही.

चाचणी पाच मिनिटांची आहे. सगळे एलईडी बंद करा. व्हीएचएफ एखाद्या शांत चॅनेलवर ठेवा, स्क्वेल्च खरखर सुरू होईपर्यंत खाली आणा, मग ती जेमतेम थांबेल इतकाच वर घ्या. आता दिवे लावा. खरखर परत आली तर तुमचे दिवे रेडिओला बहिरं करताहेत. एकेक बल्ब काढत जा. बहुधा सगळे दोषी नसतात. दोषी बल्ब बदला. तो अँटेनाजवळचा असेल तर तिथे स्विचिंग ड्रायव्हर नसलेला, रेझिस्टर किंवा लिनिअर प्रकारचा बल्ब लावा. त्याचा उजेड व्होल्टेजबरोबर थोडा कमीजास्त होतो, पण तो गोंगाट करत नाही. शोभेच्या दिव्याला एवढं चालतं. तारेवर बल्बच्या अगदी जवळ फेराइटचा क्लिप आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एकमेकींना पीळ देऊन नेणं, यानेही फरक पडतो. बल्ब नवा लावला की दरवेळी ही चाचणी करा, त्याच कंपनीचा असला तरी.

पट्टी लावायची असेल तर

बल्ब काढून काठाला एलईडी पट्टी लावायचा मोह होतो. ५०५० चिपची, मीटरला ६० दिव्यांची पट्टी मीटरमागे साधारण १४ वॉट घेते. पाच मीटरला ७२ वॉट, म्हणजे ६ अँपिअर. १० वॉटचे आठ जुने बल्ब ६.७ अँपिअर घेत होते. बचत गेली कुठे? तेच आठ बल्ब दीड वॉटच्या एलईडीने बदलले तर एक अँपिअरमध्ये काम होतं, आणि पाच तासांत ३३ अँपिअर-तासांऐवजी ५ लागतात. पट्टी हवीच असेल तर मीटरला ४-५ वॉटची, सिलिकॉनच्या नळीत पूर्ण भरलेली आयपी६७ (पाण्यात बुडाली तरी पाणी आत न घेणारी) किंवा त्यावरची घ्या. वरून नुसता सिलिकॉनचा थर दिलेली पट्टी कापलेल्या टोकापासून काळी पडत जाते.

रंग निवडताना जरा थांबा. समुद्रातल्या टक्कर-टाळणी नियमांतला २० वा नियम सांगतो की सूर्यास्त ते सूर्योदय असे कुठलेही दिवे लावू नयेत जे नौकानयनाच्या दिव्यांशी गल्लत करतील, त्यांना झाकोळतील किंवा टेहळणीत अडथळा आणतील. डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा हा समोरच्या तांडेलासाठी (होडी चालवणाऱ्यासाठी) तुमच्या दिशेचा मुख्य पुरावा असतो. काठावर लाल-हिरवी-निळी रंग बदलणारी पट्टी लावून रात्री चालणं म्हणजे तो पुरावा पुसणं. पर्यटकांना फोटो काढायला बरं वाटतं, तर ती धक्क्याला बांधलेल्या होडीत लावा आणि निघताना बंद करा. त्यासाठी तिचा स्विच वेगळाच हवा. चालताना २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, खाली डेककडे वळवलेला आणि तांडेलाच्या डोळ्यात न जाणारा.

याच हौसेने नौकानयनाच्या दिव्यात बाजारू एलईडी बल्ब घालू नका. तो दिवा बल्बसकट तपासून मान्य झालेला असतो: बाजूचा ११२.५ अंशांत, मागचा १३५ अंशांत दिसला पाहिजे. वेगळ्या ठिकाणाहून उजेड फेकणारा बल्ब घातला की या सीमा सरकतात, आणि थंड पांढरा एलईडी हिरव्या काचेमागे निळसर दिसतो. तिथे पूर्ण मान्यताप्राप्त एलईडी दिवाच बसवायचा.

आठ दिव्यांच्या १२ व्होल्ट होडीसाठी सामान

१० ते ३० व्होल्टचे, एक-दीड वॉटचे दहा बल्ब, म्हणजे आठ आणि दोन जादा, सगळे एकाच खेपेचे. नाहीतर रंग जुळत नाहीत. आठ गॅस्केट. एक टीव्हीएस. ३ अँपिअरचा फ्यूज, पूर्वी १० चा असेल तर तो काढून, कारण दिव्यांच्या आतल्या बारीक तारा १० अँपिअरच्या फ्यूजने वाचत नाहीत. कथिलाच्या मुलाम्याची १.५ चौरस मिलिमीटरची दोन कोरची केबल गरजेप्रमाणे, गोंदवाली श्रिंक नळी, मुलाम्याचे लग.

एकदम आठही बदलू नका. आधी दोन लावा: एक बॅटरीपासून सगळ्यात लांब, दुसरा इंजिनजवळचा. दोन आठवडे, इंजिन पूर्ण वेगात घेऊन, चालवून पाहा. ते टिकले तर बाकीचे लावा.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की बल्ब काढून कोरड्या डब्यात ठेवा, होल्डरला ग्रीस लावा आणि झाकणं परत बसवा. हंगामाआधी पाण्यात उतरवताना बॅटरीचे तीन आकडे पुन्हा मोजून मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघा, आणि मगच बल्ब लावा.